ओतोसानच्या बंदुकीची दुर्बीण

२४ ऑक्टोबर ९२, शनिवार. कोबे
सासऱ्यांचा फोन. ओतोसान आपणहून फोन करतात म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. बायको, केइको, अर्धा तास नुसती "हं, हं" करत होती. मग कळलं. एप्रिलमध्ये रायफलचा परवाना संपतोय. यंदाही गेल्या वर्षीसारखं झालं तर बंदूक देऊन टाकणार.
गेल्या वर्षी हरीण समोर आलं, पण डोकं झुडपाच्या सावलीत. शिंगं आहेत की नाहीत ते यांना दिसेना. मादी मारायला बंदी, म्हणून बंदूक खाली घेतली. निघाला चांगला शिंगाळा नर! शिकारीच्या टोळीतले सगळे हसले.
सासूबाई गेल्यापासून या माणसाला हिवाळ्यातले रविवार सोडले तर आहे काय? तेही गेले तर त्या डोंगरातल्या घरात टीव्हीसमोर बसून संपतील.
म्हटलं, बंदुकीला दुर्बीण बसवू. मी आणतो. के. म्हणाली, "आधी त्यांना विचार." विचारलं की नकोच म्हणणार. नाही विचारत.

३१ ऑक्टोबर, शनि.
ओसाका. स्टेशनमागच्या गल्लीत बंदुकांचं दुकान. साताऱ्याच्या घरात अंडंसुद्धा चोरून खाल्लेला मी, हरणं मारायची दुर्बीण निवडतोय. आईने पाहिलं असतं तर!
नव्या काचांकडे बघायचीही सोय नाही. जुन्यांच्या कपाटात परवडणाऱ्या दोनच. एक लांबलचक, दहापट मोठं दाखवणारी. दुसरी आखूड, दीड ते चार पट, अगदीच किरकोळ.
दुकानदार: "किती लांबून मारतात?"
मी: "जमेल तितक्या लांबून!"
दुकानदार: "रान दाट आहे का?"
मी: "असेना. शिंगं दिसली पाहिजेत."
त्याने एकदा आखूड दुर्बिणीकडे पाहिलं. मग लांबवाली बांधून दिली.

१ नोव्हें., रवि.
गॅलरीतून बंदरातल्या जहाजावरचं नाव वाचलं. वा! लेकीला, अनघाला दिली तर "सुगोई!" (भारीच!) करत तासभर सोडेना. वय सात, मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत ओरडायचं.
बाबांची फार आठवण आली. भूमापन खात्यात होते. सुट्टीत मला बरोबर न्यायचे. तिकाटण्यावर थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, मला उचलून धरायचे आणि त्या काचेत अजिंक्यतारा उलटा! किल्ला वर टांगलेला, खाली आभाळ. काचेत बारीक फुली. "हलू नकोस, श्वास धर." त्यांच्या शर्टाला तंबाखूचा आणि उन्हाचा वास. लांबचं जितकं स्वच्छ दिसेल तितकं यंत्र भारी, हे त्यांनीच शिकवलं. शेवटी डोळे गेले त्यांचे. मी इथे होतो. एक चष्मासुद्धा माझ्या हातून करून दिला गेला नाही. हे अजून सलतं.

८ नोव्हें., रवि.
गाडीने दोन तास, ओतोसानकडे. त्यांनी दुर्बीण दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. डोळे भरले की काय, कळेना, कारण लगेच पाठ फिरवून चहा करायला गेले.
टोळीचे प्रमुख मोरी-सान आले होते. म्हणाले, नेमबाजीच्या रेंजवर नेऊन बसवू आणि नेम जुळवून आणू. त्यांनी दुर्बीण हातात घेऊन पाहिली, ओतोसानकडे पाहिलं. ओतोसान म्हणाले, "जावयाने आणली आहे." मोरी-साननी ती जपून डब्यात परत ठेवली.
एकदा बंदुकीवर चढली की मला तिच्यातून बघता येणार नाही. परवाना नसलेल्याने बंदुकीला बोटही लावायचं नाही. असो.

२२ नोव्हें., रवि.
हंगामाचा दुसरा रविवार. ओतोसाननी मला बरोबर नेलं. पहाटेची थंडी, हाडं गोठली. कुत्री आणि हाकेवाले डोंगराच्या पलीकडून जनावर उठवणार, बंदूकवाले आपापल्या जागी बसून राहणार. आमची जागा सुगी नावाच्या जपानी देवदारांत. इतकी दाट की तीस पावलांपलीकडचं दिसेना. मी बंदुकीवरच्या त्या लांबलचक दुर्बिणीकडे पाहिलं.
हरीण आलं, पळत. ओतोसाननी बंदूक उचलली. इकडे फिरवली, तिकडे फिरवली. गेलं.
"काय दिसलं?" मी.
"केस," ते म्हणाले. "फार सुंदर केस. एकेक वेगळा."
मोरी-सान हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
संध्या. दुसऱ्याने पाडलेल्या नराच्या मांसाचे सारखे वाटे झाले. मारणाऱ्याला, चुकणाऱ्याला, कुत्रेवाल्याला एकच माप. ओतोसाननी आपला वाटा मान खाली घालून घेतला.

२३ नोव्हें., सोम. (सुट्टी)
गाढव आहे मी. शुद्ध गाढव. सर्व्हेअरचा पोरगा, म्हणून लांबचं दाखवणारी आणली. त्या रानात लांब असं काही नाहीच, आणि जवळचं हरीण तिच्यात मावत नाही! दुकानदाराला माहीत होतं, मोरींना माहीत होतं, ओतोसानना तर डबा उघडतानाच. भेट परत कशी करायची, म्हणून सगळे गप्प. के. म्हणाली, "तू 'काढून टाका' म्हटल्याशिवाय ते काढणार नाहीत. जन्मात नाही."

६ डिसें., रवि.
फोन केला. आज गेले नाहीत शिकारीला. गेल्या रविवारीही नाही. "सर्दी आहे." आवाज ठणठणीत. मग म्हणाले, "काच फार छान आहे हं." धाडस झालं नाही माझं.

१२ डिसें., शनि.
पुन्हा ओसाका. ती आखूड अजून विकली नव्हती! दुकानदार हसला, आधीच बाजूला काढून ठेवली होती लेकाने. घेतली.

१३ डिसें., रवि.
ओतोसानकडे गेलो. सांगितलं सगळं. साताऱ्याचा उलटा किल्ला, बाबा, सगळं, माझ्या मोडक्या जपानीत. "चूक माझी. मी ती लांबवाली माझ्या वडिलांसाठी घेतली होती बहुतेक. तुमची ही आखूड." तोंडातून निघून गेलं आणि रडू आलं. ओतोसान पेचकस शोधायला उठले.

१४ फेब्रु. ९३, रवि.
हंगामाचा शेवटचा रविवार. तीच जागा. हरीण तीस पावलांवर थांबलं. ओतोसाननी बंदूक उचलली, पाहिलं, शांतपणे खाली घेतली.
मोरी-सान धावत आले. "मादी?"
"मादी. डाव्या कानाला चीर आहे."
मागून आलेल्या हाकेवाल्यानेही तेच सांगितलं. चीर डाव्याच कानाला. आज कोणी हसलं नाही. हंगामभरात यांच्या हातून एकही नर पडला नाही, पण वाटा घेताना मान वर होती.

२१ मार्च, रवि.
सासूबाईंच्या थडग्यावर फुलं वाहून आलो. लांबवाली दुर्बीण आता ओतोसानच्या ओसरीत, बांबूच्या तिकाटण्यावर. ओतोसाननी स्वतः केलंय. अनघाला उचलून धरतात. "हलू नकोस, श्वास धर." मी न शिकवता! मला आत जावं लागलं तोंड धुवायला.
मग मीही पाहिलं. समोरच्या डोंगरावर हरणं, सुलटी.
परवाना वाढवायच्या अर्जाचा कागद देवघराशेजारी तसाच पडलाय, कोरा. एप्रिल जवळ आला. के.ने विचारलं, "ठरवलंत का?"
"पुढच्या रविवारी या. मग ठरवू."
मागच्या रविवारीही हेच म्हणाले होते. त्याच्या आधीच्याही. के.ने निघताना हळूच तो कागद ओतोसानच्या बसायच्या उशीखाली सरकवला. मी पाहिलं. जितके दिवस ठरणार नाही, तितके रविवार आमचे.