चढी काळी चार

कोल्हापूर, १२ फेब्रुवारी १९७९

दाजींना दौलतचा नमस्कार.

काल रेडिओवर तुमचं अ‍ॅकॉर्डियन ऐकलं. निवेदिकेने तुमचं नाव घ्यायच्या आधीच मी पेटी ओळखली. तिच्या काळी चारची रीड मीच घासली होती. जरा जास्त घासली गेली, म्हणून तो सूर चढाच लागतो. असा दुसरा सूर कुठे नाही, दाजी.

सात वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत माझी ती पेटी चोरीला गेली, तेव्हा तुम्हीच माझ्या कानाला लागलात, “कृष्णातवर नजर ठेवा.” माझ्या बँडात ढोल वाजवणाऱ्या त्या माणसाला मी भर तालमीत चोर म्हणून हाकललं. जाताना तो म्हणाला, “मालक, म्या न्हाय चोरली. पेटी कुठंबी वाजली, तर तुमच्या कानाला कळंल की.” आता तो बिद्रीला साखरेची पोती उचलतो.

तिकडे पुण्यात कुणी ती तुम्हाला फसवून विकली असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण मग दर दिवाळीला इथे आलात, की वाजवायचं नाव काढताच तुमचं बोट का दुखतं?

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुमच्या घरी टपाल अक्का फोडते, आणि ती सुखात आहे.

उद्या बिद्रीला जाऊन कृष्णातला आणतो. तालमीत सगळ्यांदेखत त्याची माफी मागतो. मग कुणीतरी विचारणारच, पेटी नेली कुणी? ज्या कानांच्या जोरावर मी बँड उभा केला, त्यांना तेवढं ऐकू येणार नाही.

तुमचा मेव्हणा,
दौलत