कामावरून न्हाऊन येणारा माणूस

सोलापूर, ता. ६ फेब्रुवारी २०२५

ती. दाक्षायणी अक्का यांस,
महानंदाचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण तुमच्या घरी तो स्पीकरवर असतो आणि मंद्रूपचा अर्धा बाजार ऐकतो. म्हणून पत्र.

विषय तुमच्या बंधुराजांचा. पंधरा दिवस झाले, पोकलेन घेऊन कुठं तरी माती काढायला जातात. माती काढणारा माणूस संध्याकाळी कसा दिसायला पाहिजे? हे येतात ओल्या केसांचा भांग पाडून, अंगाला चंदनी साबणाचा वास. आपल्या घरात तो साबण नाही. कुठं न्हाता विचारलं तर म्हणतात साइटवर, आणि हसतात. तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. मी हसू की माहेरी जाऊ, तेवढं कळवा.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त असू द्या.
तुमची,
महानंदा

मंद्रूप, ता. ११ फेब्रुवारी

चि. सौ. महानंदा हिला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून लई हसले. साबण मीच दिलाय त्याला. माहेरी जाऊ नकोस, पण भांडायचं तर भांड. त्यानं मला गप्प राहायला सांगितलं होतं.

ती जागा म्हणजे अप्पा कामाला होते तो सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना. बंद पडून वीस वर्षं झाली, पण तिथल्या मातीत ॲस्बेस्टॉसचे तंतू आहेत. वाळून उडाले की छातीत जाऊन बसतात. म्हणून माती भिजवूनच उकरायची, दुहेरी पिशव्यांत बांधायची, झाकलेल्या ट्रकमधून घातक कचरा पुरायच्या जागी न्यायची. माणसांनी कामाचे कपडे तिथंच टाकून न्हायचं, मगच फाटकाबाहेर. तू जाऊ देणार नाहीस म्हणून तो बोलला नाही.

अप्पा कामावरून पांढरे होऊन यायचे. अव्वा रोज दारात त्यांचा शर्ट झटकायची. तीच दम लागून गेली. तेव्हा कुणी काही सांगितलंच नाही की. आपला प्रभु म्हणतो, आईला नेणारी ती माती मीच काढणार.

मुलांना पापे. माझ्यावरचा राग दोन दिवसांत संपव.
तुझी,
अक्का

सोलापूर, ता. १६ फेब्रुवारी

ती. अक्का यांस सा. न. वि. वि.

भांडले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन फाटकावर गेले, तर वॉचमननं आत सोडलं नाही. लांबून पाण्याचे फवारे दिसले, आणि पांढऱ्या पोशाखातली, मास्क लावलेली माणसं. सगळी सारखीच. एकाला मी हात केला, त्यानंही छान हात हलवला. ते गुफरान नावाचे सुपरवायझर निघाले. तुमचे बंधू पोकलेनच्या बंद केबिनमधून बघत होते. अजून चिडवतात.

घरी येताना गाडीवर मी अव्वांचं विचारलं. म्हणाले, अव्वा शर्ट झटकायची तेव्हा दुसरं टोक मी धरायचो.

कामावर घेताना त्यांची छाती तपासली आहे, सध्या ठीक आहे. दरवर्षी दाखवायचं आहे. पण अक्का, त्या दारात तुम्हीही वाढलात. गुरुवारी दवाखान्यात तुमचं नाव घातलंय. सकाळच्या एसटीनं या. नाही आलात तर मी न्यायला येईन, आणि मी भांडते कशी ते तुमच्या भावाला विचारा.

लोभ असू द्यावा. तो पुष्कळ वर्षं करायचाय.
तुमची,
महानंदा