कोरी प्लेट

४ मार्च

शी! कोऱ्या प्लेटवरही तेच शिखर!

औषध लावलंच नव्हतं. नुसती चांदीची प्लेट, आम्लात बुडवून खडबडीत केलेली. रामनच्या यंत्राखाली ठेवली, लेझर सोडला — आणि आलेखात आमचं लाडकं शिखर डौलात उभं! याच शिखराच्या जिवावर सरांचा आणि माझा पेपर छापून आला. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर. 'औषधाचे रेणू चांदीवर ताठ उभे राहतात' म्हणे. औषध नाहीच, तर मग उभं कोण राहिलंय?

५ मार्च

सरांना दाखवलं. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "प्लेट नीट धुतली नसशील." मी! आम्लाने नखं गेली माझी, आणि मला प्लेट धुता येत नाही! "आणि कोरी कशाला मोजत बसतेस? छापून आलंय ना?"

बोका शेजारच्या टेबलावर असतो. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे आलो. कुठलंही भांडण पेटलं की हा डोळे मिटून घेतो, म्हणून बोका. म्हणाला, "तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात. कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस?"

किळस आली. सरांची, बोक्याची, त्या कोंदट खोलीची.

७ मार्च

नवं पाणी, नवं आम्ल, नवे हातमोजे. शिखर आहेच.

८ मार्च

आई म्हणाली, "एवढी कसली धडपड चाललीय तुझी?" सांगितलं — रेणूवर प्रकाश पाडला की त्यातला थोडासा प्रकाश रंग बदलून परत येतो. त्यावरून रेणू ओळखायचा. एरवी तो इतका फिका असतो की दिसता दिसत नाही, पण रेणू खडबडीत चांदीला चिकटला की लाखपट ठळक. चिमूटभर घाण असली तर तीही.

"बरं बरं. पण डॉक्टर कधी होणार ते सांग. मी मावशीला सांगून बसलेय."

१२ मार्च

सापडलं!

सर प्लेट्स तपासायला आले. रोजच येतात. एक उचलली, तोंडाजवळ नेली आणि — हाऽऽ! वाफ सगळीकडे सारखी बसली म्हणजे चांदी सारखी खडबडीत झाली, असं त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलेलं. इतकी वर्षं मी बघतेय, कौतुकाने बघतेय! आज वाफेबरोबर उडणारे शिंतोडे दिसले. थुंकीत एक क्षार असतो, तो चांदीला गोचिडीसारखा चिकटतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या थुंकीत तर फारच, आणि सर दिवसभर खिडकीपाशी धूर काढत असतात.

एक प्लेट त्यांच्यापासून कपाटात लपवली होती. दोन्ही मोजल्या. लपवलेली साफ. हाऽऽ केलेलीवर शिखर.

म्हणजे माझा प्रबंध म्हणजे सरांची थुंकी! जेवण गेलं नाही.

१३ मार्च

दोन्ही आलेख सरांपुढे ठेवले. स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते एकमेकांशेजारी सरकवले. मग — "ठीक आहे. ठेव इथेच."

बस्स! ना हो, ना नाही. भित्रा माणूस! आम्ही इथे आलो तेव्हा प्रामाणिकपणावर केवढं व्याख्यान झोडलं होतं याच तोंडाने.

२ एप्रिल

सर नजर चुकवतात. जिन्यात समोर आले तर फोन काढून बघत बसतात. बोका म्हणाला, "त्यांनी गिळलंय, तूही गिळ." मी म्हटलं, "त्यांची थुंकी मी गिळणार नाही. परीक्षेत कुणी विचारलं तर सांगून मोकळी होईन." फार बरं वाटलं बोलून.

९ एप्रिल

झाली परीक्षा. मार्गदर्शकाने आत थांबायचं नसतं, त्यामुळे सर बाहेर बाकावर. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई फार चांगल्या, खोदून विचारणाऱ्या. शेवटी कागद आवरता आवरता, सहज — "कोरी प्लेट मोजली होती ना? साफ होती?"

आई सकाळपासून मावशीशी फोनवर. 'आज होणार गं डॉक्टर!'

"हो, मॅडम. साफ होती."

खोटं कुठे आहे? एक साफ होतीच की! असं म्हणत म्हणत घरापर्यंत आले. आईने दारातच कवटाळलं. तिला बाजूला सारून आंघोळीला गेले. तरी अंग स्वच्छ वाटेना.

१० एप्रिल

निकाल सांगायला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. परीक्षकबाई उभ्या राहणार, तेवढ्यात सर उठले. "ते शिखर माझ्या थुंकीचं आहे. पेपर मी आज सकाळी मागे घेतला. कोरी प्लेट साफ नाही हे हिने मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, धीर मला झाला नाही. जे करायचं ते मला करा. पोरगी खरी आहे."

परीक्षकबाईंनी माझ्याकडे पाहिलं.