साखळी सरळ कर

सर, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण माझा राग काही शिळा होत नाही. पुण्याहून आलात त्या दिवसापासून, बुलढाण्याला साधी रेल्वेसुद्धा नाही, हे तुम्ही आम्हाला ऐकवत होतात, जणू ती आम्हीच अडवली होती. महाराष्ट्र नुकताच झालेला, कॉलेज नवं, आणि विज्ञानाच्या वर्गात मुलगी मी एकटीच.

तो दिवस अजून समोर आहे. लोखंडी साखळीचं एक टोक भिंतीतल्या खुंटीला, दुसऱ्या टोकाला ताण मोजायचा स्प्रिंगचा काटा, आणि काटा माझ्या हातात. मध्ये साखळीला झोळ. "ओढ. झोळ पार गेला पाहिजे. साखळी सरळ कर." मी ओढते. झोळ निम्मा होतो, काटा जवळजवळ दुप्पट दाखवतो. आणखी ओढते, टाचा फरशीवरून घसरतात, तळहात सोलतो, पण उरलेला बोटभर झोळ जात नाही. "सर, मले नाही होऊन राह्यलं." तुम्ही म्हणालात, "आधी 'मला' म्हणायला शिक, मग साखळी सरळ कर." पोरं हसली, तीही घरी 'मले'च म्हणणारी. तास संपेपर्यंत तुम्ही मला तसंच उभं ठेवलंत. ओल्या गोधड्या टाकल्या की दोरी झोळ खाते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण सर सांगतात म्हणजे खोट माझ्याच मनगटात, असं मी धरून चालले.

वडिलांनी हात पाहिला. "काऊन जातं वं तिथं? नाही जमत तं राहू दे. स्थळ आलंच हाये." मी हो म्हणाले. आठवडाभर घरी बसले. मग वर्गातला एक मुलगा सांगून गेला, की दुसऱ्याच दिवशी तुम्ही फळ्यावर गणित मांडलंत: साखळीला स्वतःचं वजन असतं, ती पूर्ण सरळ व्हायची तर ओढ अनंत लागेल, पहिलवान आणला तरी व्हायची नाही. म्हणजे मी ओढत होते तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं! वडिलांच्या हातापाया पडून मी परत आले, ती तुमच्यासाठी नाही.

आता मीही हेच शिकवते. साखळी हातात देण्याआधीच सांगते, "ही सरळ होणार नाही रे बाळांनो." कुणाचा हात सोलत नाही. तुम्हाला टोचावं म्हणूनच लिहितेय, टाकायला पत्ता नाही तरी. फक्त एक आहे. दर परीक्षेत माझी निम्मी पोरं लिहितात, पुरेसं ओढलं की साखळी सरळ होते. मी ते कधीच चुकले नाही.