परड्यातल्या नऊ माळा

आई, यंदा आपल्या घरचा दसरा, घट बसायच्या आधीची ती सगळी धुवाधूव, मी काढला नाही. खाटेवर बसून नुसता बघितला. श्रावणात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. जिना बंद म्हणजे गच्ची बंद, आणि गच्ची म्हणजेच आता तुझं घरामागचं परडं. मंगळवार पेठेतलं आपलं जुनं घर पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलं, तेव्हा परड्यातली माती मी पोत्यांत भरून वर नेली होती. बिल्डर हसला होता, हसू दे. तुझ्या झेंडूच्या बियांचा वंश दर पावसाळ्यात त्याच मातीत उगवतो. आश्विनात घट बसतो तो त्याच मातीत, आणि नऊ दिवस घटावर रोज चढणारी माळही तिथल्याच फुलांची. आपल्या घटाला विकतची माळ कधी लागली नाही, तू गेल्यावरही नाही. या एका गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तुझा दसरा मला अजून दिसतो. घट बसायचे दिवस जवळ आलेत आणि तू पदर खोचून उभी आहेस. भांडी अंगणात, वाकळा-गोधड्या धुवायला, भिंतींना चुना. एवढ्या गडबडीत तुझं अर्धं लक्ष परड्यात, ऊन तापलंय, झेंडूला पाणी पडलं का, शेवंतीला काठी लावली का. त्याच्याही आधी, श्रावणात, तू रोपांचे शेंडे खुडायचीस. छान वाढीला लागलेल्या रोपांची मुंडी उडालेली बघून मी एकदा भोकाडच पसरलं होतं. तू मागं वळूनही बघितलं नाहीस. "रडतीस काय गं? एक शेंडा खुडला की चार फुटत्यात. न्हाईतर बसशील देवीम्होरं एकच फूल घिऊन!" फुलं आली की माळ ओवायचं काम माझं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका यायच्या, माळ बघून म्हणायच्या, "कुणी केली ओ एवढी झ्याक?" आणि तू छाती काढून सांगायचीस, "कोन करनार? मीच की!" मी कुंकवाचं ताट धरून तिथंच उभी, आतल्या आत धुमसत. पण दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले की परड्यातली पहिली उमललेली शेवंती, देवीच्याही आधी, तू माझ्या वेणीत खोचायचीस.

यंदा ते शेंडे खुडायच्या दिवसांत मी दवाखान्यात होते. विकतची माळ येणार, हे मी धरूनच चालले. गुडघ्यापेक्षा त्याचंच जास्त दुखत होतं. सून जयसिंगपूरची, बँकेत नोकरीला, माहेरी तुळशीपलीकडे झाड म्हणून माहीत नाही. तिच्याकडून मी कसलीच आशा ठेवली नव्हती. मी घरी आल्यावर एका रविवारी ती ओढणीत हिरवा पाला भरून खाली आली. "आत्या, सगळे शेंडे खुडले बघा." "सगळे? आगं, कळ्या धरल्यात का तरी बघितलंस का?" ती म्हणाली, "बघितलं की ओ. दर वर्षी तुमी खुडताय, ते मी काय डोळं झाकून बसते व्हय? जरा उशीर झालाय, पन येतील फुलं." उशिरा खुडलं की फुलंही उशिरा. दसरा होऊन गेल्यावर परडं फुललं तर काय उपयोग? त्या दिवशी मी तिच्याशी धड बोलले नाही.

मग रोज संध्याकाळी, "दाव गं फोनवर." ती व्हिडिओ काढून आणायची. नुसतं हिरवं, आणि हिरवंच. एकदा वैतागून म्हणाली, "आत्या, फोनवरनं झाडास्नी नजर लावू नका." बँकेला जायच्या आधी पाणी, आल्यावर पाणी, दुपारच्या उन्हाला माझ्या जुन्या साडीची सावली. त्यातच दोन दिवस रजा टाकून तिनं दसराही काढला. मशीनमध्ये न मावणारी वाकळ गच्चीवर पायानं तुडवून धुतली, हे मला शेजारणीनं सांगितलं. घट बसला त्या दिवशी फुलं जेमतेम होती. तिनं मधेमधे मरवा ओवून माळ पुरी केली. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढं मात्र रोज फुलं वाढत गेली, आणि शेवटी शेवटी परातीत मावेनात. नऊच्या नऊ माळा घरच्या झाल्या, आई.

त्या नऊ दिवसांतल्याच एका संध्याकाळी बायका आल्या. "माळ कुणी केली ओ?" आणि माझ्या तोंडून गेलं, "कोन करनार? मीच की!" सून ताट धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखते, माझीच होती ती. मग दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला सगळी माणसं जमली, घर भरलं, तेव्हा मी काठी टेकून उभी राहिले आणि तुझ्याच आवाजात ओरडले, "ऐका रे सगळी! यंदाची एकबी माळ माझी न्हाय. खुडलं, जगिवलं, ओवलं, सगळं हिनं! जयसिंगपूरची हाय, पन हाताला गुण हाय!" ती लाजून लाल झाली. "आत्या, हळू ओ, खालच्या मजल्यापतूर ऐकू जातंय." म्हटलं, "जाऊ दे की!" तुझ्या परड्याला वारस मिळाली, याचा मला इतका अभिमान वाटला की काठी कुठं ठेवली तेच विसरले.

आता डॉक्टरांनी जिना मोकळा केलाय. आज ती बँकेला गेल्यावर मी एकेक पायरी चढत वर गेले. दिवाळीसाठी शेवंती कळ्यांनी भरलीय. काठ्या लावल्यात, माती भुसभुशीत केलीय. करायला म्हणून काही ठेवलेलंच नाही तिनं. बराच वेळ उभी राहिले आणि मग एक शेंडा खुडला, चांगला कळीसकट. आता त्या फांदीला दिवाळीत फूल येत नाही, हे मला तुझ्याकडूनच कळलंय. पण फुलं कुणाची असं कुणी विचारलंच, तर माझाही हात लागलाय म्हणता यावं, एवढ्यासाठीच खुडला. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुला सांगते. संध्याकाळी ती पाणी घालायला जाईल, मोडलेला शेंडा बघेल आणि खाली येऊन विचारेल. मी चिमणीचं नाव सांगणार आहे.