मागल्या दारची आंघोळ

अकोला. कार्तिक शु. ८, शके १७८६

वासूस सरकारी शाळेत घातल्यास आज सहा दिवस. घरी शिकवायला शास्त्री मिळेना. जो तो, मीही धरून, कापसाच्या अडतीवर कारकून झाला आहे. पुण्याच्या वर्तमानपत्रास पत्र धाडले. बाजारभावाखाली चार ओळी शाळेवर : 'ब्राह्मण, कुणबी, तेली, मुसलमान, सर्वांची मुले एका तरटावर बसून शिकतात, हे पाहून अंतःकरण सद्गदित होते.' सद्गदित होऊन घरी आलो, तो कुटुंब वासूस मागल्या दारी उघडा करून घंगाळभर पाण्याने धूत होते. शाळेचे कपडे बाहेरच्या खुंटीवर. हे पत्रात लिहिले नाही. जागा कमी होती.

कार्तिक शु. १३

थोरला मुलगा माधव पटकीच्या साथीत गेल्यापासून वासू घरात फारसा बोलत नसे. आज ओरडत आला, "आई, मले भूक लागून राहिली!" शाळेत पिंजाऱ्याचा कासम म्हणून सोबती मिळाला आहे. पोरे 'पुणेरी' म्हणून चिडवीत, त्यांना त्याने दटावले म्हणे.

कुटुंब : "उद्या बापाला 'अबे' म्हणेल."

मी : "म्हणू दे. हाक तरी मारील."

पुष्कळ दिवसांनी हसली.

कार्तिक व. २

कासम मागल्या दारापर्यंत आला. वासूवर पाणी पडताना पाहत उभा. मग म्हणाला, "काकी, मी बी आंग धुतो. मंग येऊ काय अंदर?"

कुटुंबाने माझ्याकडे पाहिले. वासूनेही. उत्तर मला संस्कृतात ठाऊक होते, मराठीत जुळेना.

"बाळ, बाप वाट पाहत असेल."

"नाय पाहून राहिले. पिंजण बंद हाये. सारा कापूस गाठी बांधून बाहेर चालला."

"बरे, उद्या ये."

असे आपण म्हणतो. म्हणजे काय, हे आपल्यात सर्वांस कळते.

कार्तिक व. ३

आला. मोर्णा नदीत बुडी मारून, सदरा धुऊन तसाच ओला अंगात. थंडीने दातांवर दात. "झाली आंघोळ, काका."

त्याला पायरीवर थांबवून गुळाचा खडा दिला. वरून, हात न लागू देता. त्याने ओंजळीत झेलला, खाल्ला नाही. थोडा वेळ दारातून आत पाहिले, मग गेला.

वासू जेवला नाही. 'पित्त असेल,' असे मी म्हटले. पित्तावर मला तीन श्लोक येतात.

कार्तिक व. १०

वासू पुन्हा गप्प. कासम आता तरटाच्या दुसऱ्या टोकाला बसतो, असे पंतोजींकडून कळले. घरात 'मले, तुले' बंद. कुटुंबास बरे वाटायला हवे होते. वाटत नाही.

मार्गशीर्ष शु. ४

वर्तमानपत्र आले. पत्र छापले आहे, वर पत्रकर्त्यांची दोन शब्दांची शाबासकी. बाजारात तिघांनी अभिनंदन केले. आमचे पंतोजी भोळे. अंक मागून नेला. वर्गात वाचणार म्हणाले. नको म्हणायला हवे होते. स्तुती कोणास नको असते?

मार्गशीर्ष शु. ५

दुपारी पंतोजी आले, घाम पुशीत. 'एका तरटावर' येथपर्यंत वाचले, तोच वासू उभा राहून म्हणाला, "हे खोटं आहे."

"प्रत्यक्ष पित्यास खोटे म्हटले, शास्त्रीबोवा! दोन छड्या दिल्या."

"बरे केलेत."

"आणि तो पिंजाऱ्याचा? आपण होऊन हात पुढे केला. म्हणे, मले बी मारा."

"मारलेत?"

"शिस्त म्हणून."

पंतोजींस पानसुपारी दिली.

वासू शाळेतून आला तो मागल्या दाराशीच उभा आहे. कपडे उतरवीत नाही, आतही येत नाही. हातावर वळ. कुटुंबाने दोनदा पाणी तापवले, दोनदा निवले. त्याचे एकच, "कासमला घेतलं तर येईन."

कुटुंब आत येऊन रडते. "तुम्ही बोला ना. तुमचं ऐकेल तो."

माझे छापलेले ऐकूनच तर तो तेथे उभा आहे. पिंजाऱ्याचे घर येथून चौथ्या गल्लीत, असे ऐकतो. जोडा घालून तेथवर जाणे काही कठीण नव्हे. तेथे जाऊन त्या पोरास काय म्हणून बोलवावे, ते वाटेत जुळवीन; लेखणी ठेवून जोडा घालतो.