केल्विनवरच्या दाव्याचा हक्क

मी, व्हर्ना ट्रेथेवी, वय वर्षे ८१, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार वृद्धाश्रम, खोली ९, वॉलारू, हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण सात महिने सरकारदरबारी ते ठिकाणावर नव्हतं. अर्धांगवायूने वाचा गेली होती. ज्याला बोलता येत नाही त्याला कळतही नाही, असं लोक धरून चालतात.

तेव्हा माझा कारभार सरकारी विश्वस्ताकडे गेला. आजारापूर्वी मी घर मुलाच्या, केल्विनच्या, नावे केलं होतं. मागची खोली मरेपर्यंत माझी, हे तोंडीच ठरलं होतं. मी इस्पितळात असताना त्याने घर विकलं. विश्वस्ताने माझ्या वतीने त्याच्यावर कोर्टात दावा लावायचं ठरवलं. या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून मी डाव्या हाताने अर्ज लिहून लवादाकडे धाडला.

सुनावणीपर्यंत माझी वाचा परत आली होती. केल्विन मात्र आला नाही. विश्वस्ताच्या कचेरीतल्या मिस पास्को म्हणाल्या, "बाई, हा दावा तुम्ही हमखास जिंकाल."

"जिंकले तर मुलगा जाईल."

"आत्ता तो कुठे आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

लवादाने माझी इच्छा मानली, दावा थांबला. संध्याकाळी केल्विनचा फोन आला.

"मग आई, मिटलं ना आता सगळं?"

"मिटलं."

त्याला दोन वर्षं झाली. पुन्हा फोन नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

आता वाटणी.

१. दफन नवऱ्याशेजारी करावं. भाषणं नकोत.

२. पेस्टीचं लाटणं शेजारीण लोरेल पेनहॉल हिला. ती पेस्टीच्या सारणात मांस-बटाट्याबरोबर गाजर घालते. तीस वर्षं सांगून थकले. आता तरी थांबवावं.

३. दीर क्लेम याला काही नाही. नवऱ्याची होडी त्याने "चार दिवसांसाठी" नेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. ती वसूल करून विकावी व दफनाचा खर्च भागवावा. त्याच्यावर दावा लावायला माझी अजिबात हरकत नाही.

४. माझ्या वकील इडा रूप म्हणतात, लवादाने फक्त विश्वस्ताला थांबवलं. घराबद्दल दावा लावण्याचा हक्क शिल्लक आहे आणि माझ्यामागे तो वारसाकडे जाईल. "कोणाला द्यायचा, नीट विचार करा," म्हणाल्या. केला. तो हक्क मी केल्विनलाच देते. स्वतःवर दावा लावायचा की नाही, ते त्याने ठरवावं.

हे मला वाचून दाखवलं. बरोबर आहे.

सही (डाव्या हाताची): व्हर्ना ट्रेथेवी

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळत नाही:
१. ऑड्रे व्हीटन, परिचारिका
२. डग्लस क्रेज, माळी

वॉलारू, दि. ३ जून २०१९